बहात्तर हजारांचं कोटेशन आणि बोअरचं पाणी

कागदाच्या घड्या पार फाटायला आल्या होत्या. रात्रभर उशाशी घेऊनच झोपले असावेत. सकाळी साडेसहाला गुरुजी आमच्या ओसरीवर आले आणि चहा यायच्या आत तो कागद माझ्यापुढे धरला. अमरावतीच्या एका मोठ्या गॅरेजचं कोटेशन होतं, खाली बेरीज ७२,०९८ रुपये.

"भाऊ, मले इतकंच सांगा, हे बराबर हाय का लुटून राहिले?"

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडचा निदेशक होतो. निवृत्त झालो, पण गावात बंद पडलेली प्रत्येक गाडी आधी माझ्या ओसरीवरून जाते आणि मग गॅरेजला पोचते. गुरुजींची गाडी २०१६ ची, पेट्रोलवरची छोटी कार, ९४ हजार किलोमीटर झालेली. आज विकायला काढली तर दोन-अडीच लाख येतील. महिना मेचा, मृग तोंडावर आलेला. ७२ हजार म्हणजे त्यांच्या घरात यंदाच्या खरिपाचं बियाणं आणि खत.

त्यांना उत्तर एका शब्दात हवं होतं. मला ते देता आलं नाही, आणि पुढचे चार दिवस ते शोधण्यातच गेले.

गाडी कशी तापली

मूर्तिजापूरचं लग्न आटोपून पाच जण परत येत होते. दुपारचा एक, बाहेर ४५ अंशांच्या वर ऊन, एसी पूर्ण. पूर्णेचा पूल ओलांडल्यावर तापमानाचा काटा वर सरकायला लागला. गाडी पुतण्या चालवत होता. काटा लाल पट्टीत गेल्यावर लगेच थांबायला पाहिजे होतं, पण ते थांबले नाहीत. "बायकापोरं उन्हात कुठी उभी करू? झाड नव्हतं ना जी एकही." चारेक किलोमीटर तशीच दामटली, धाबा आला तेव्हा थांबवली. बॉनेटखालून वाफ निघत होती. पुतण्या रेडिएटरचं झाकण उघडायला गेला, तेव्हा धाबेवाल्यानं त्याचा हात धरला म्हणून बरं. तापलेल्या गाडीचं झाकण उघडून तोंड भाजलेली पोरं मी पाहिली आहेत.

तासाभरानं पाणी टाकून हळूहळू गाडी घरी आणली, आणि दुसऱ्या दिवशी टोचन करून अमरावतीला पाठवली.

यात मला कामाच्या गोष्टी दोन मिळाल्या. पहिली, गाडी तापली ती मोकळ्या रस्त्यावर, वेगात असताना. गर्दीत, थांबून-थांबून चालताना तापते आणि रस्ता मोकळा झाला की काटा खाली येतो, तेव्हा पहिला संशय पंख्यावर घ्यावा. वेगात असताना वारा आपोआपच रेडिएटरमधून वाहतो, तिथे पंख्याचं फारसं काम नसतं. वेगातच तापत असेल तर पाणी नीट फिरत नाही, किंवा रेडिएटर आतून चोंदला आहे.

दुसरी गोष्ट मी विचारून काढली.

"गुरुजी, रेडिएटरात काय टाकत होते?"

"पानी. कमी झालं की टाकाचं."

"कोणतं पाणी?"

"बोअरचं. मंग काय शहानूरचं टाकू? ते प्यायले पुरत नाही."

दर्यापूरचा हा भाग म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेली ही पट्टी. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. माणसं ते पीत नाहीत, पिकाला दिलं तर जमीन बिघडते, म्हणून इथे विहीर-बोअर असूनही बरीच शेती पावसाच्याच भरवशावर. शहानूर धरणाचं नळाचं पाणी येतं ते माणसांसाठी. तेच बोअरचं पाणी ही गाडी दोन वर्षं पीत होती. आमच्याकडे कूलरच्या वाळ्यावर एका उन्हाळ्यात पांढरी खपली धरते, ताटी हातात घेतली तर मिठागरातून आणल्यासारखी कडकड वाजते. तीच खपली रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरत होती, फक्त कोणाला दिसत नव्हती.

कागदावर काय होतं

रेडिएटर ९,८५०. वॉटर पंप ४,२००. थर्मोस्टॅट घरासकट, म्हणजे बाहेरच्या खोळीसकट, २,१५०. होस पाइपांचा संच ३,१००. फॅन मोटर असेंब्ली ७,९००. कूलंट, म्हणजे रेडिएटरात साध्या पाण्याऐवजी भरायचा द्रव, पाच लिटर १,७५०. हेड (इंजिनाचं वरचं झाकण) आणि इंजिन यांच्या मधल्या हेड गॅस्केटसकट गॅस्केट किट ६,४००. हेड बोल्ट १,४५०. इंजिन ऑइल आणि फिल्टर २,८००. हे सगळे सुटे भाग मिळून ३९,६००. मग हेड फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं, जे लेथवाल्याकडे जाणार होतं, ४,५००. मजुरी दोन ओळींत, कूलिंगची ४,५०० आणि हेडची १२,५००. एकूण ६१,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी १०,९९८.

गुरुजींनी आधी एकच गोष्ट केली होती. प्रत्येक भागाचा भाव पुतण्याच्या मोबाइलवर शोधला होता. रेडिएटर साडेचार हजारांतही मिळतो, हे पाहून त्यांना वाटलं की चोरी पकडली. पण तो दुसऱ्या बनावटीचा होता. हा कंपनीचा, डब्यावर छापलेल्या किमतीचा. भावात मला कुठे खोट दिसली नाही. अमरावतीत हेच भाव आहेत, मजुरीही तिथल्या मानानं ठीक.

कोटेशन महाग आहे का, हे भावावरून कळतच नाही. प्रत्येक ओळीपुढे मी एकच प्रश्न लिहितो: हे कशावरून ठरवलं? रेडिएटर, पंप, पंखा, हेड. प्रत्येकाला आपापला पुरावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा पाच-पन्नास मिनिटांत मिळतो. म्हणून आम्ही दोघं एसटीनं अमरावतीला गेलो.

पंखा, पंप, रेडिएटर

गॅरेजचा मालक तिशी-पस्तिशीचा, बोलायला सरळ. मी निदेशक होतो म्हटल्यावर जरा सावरून बसला, पण चिडला नाही. त्यानं गाडी पुढे घेऊ दिली. आधी पाणी भरलं, गाडी सुरू केली, काट्यावर नजर ठेवली. एसी लावल्याबरोबर पंखा फिरला. स्कॅनरवर पाण्याचं तापमान ९७ दाखवलं, तेव्हा त्यानं दुसरा वेगही पकडला. मग ७,९०० ची फॅन मोटर कशाला? मालक म्हणाला, "सर, या वयाच्या गाडीत जातेच, एकाच वेळी करून टाकलेलं बरं." जाते तेव्हा बदलू, म्हटलं. ती ओळ खोडली. यावर फार बोलणं झालं नाही.

रेडिएटरचा पुरावा मात्र मी बरोबरच नेला होता. वर्कशॉपात वापरतात ती इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक. कोरोनाच्या काळात ग्रामपंचायतींनी घेतलेल्या बंदुका इथे चालत नाहीत, त्या माणसाच्या तापापुरत्याच. रेडिएटरवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरवत गेलो. पाणी आत शिरतं तिकडे ९२-९३. तिथून पुढे तापमान हळूहळू उतरायला हवं. इथे मधल्या भागात एकदम ५५ वर पडलं, शेजारी पुन्हा ८५. थंड पट्टा म्हणजे त्या नळ्यांतून पाणी वाहतच नव्हतं. जवळपास तिसरा हिस्सा बंद. रेडिएटर बदलणं योग्य, यात वाद नाही.

पंपाची गोष्ट त्याहून सोपी. पंपाच्या दांड्याखाली एक बारीक भोक ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून झिरपतं, म्हणजे कळावं म्हणूनच ते ठेवतात. गाडी थंड झाल्यावर दाबाचा हातपंप लावला, १.१ बारपर्यंत हवा भरली आणि वाट पाहिली. काटा उतरायला लागला, आणि दहाव्या मिनिटाला त्या भोकातून थेंब आला. भोकाखाली पांढरट ओघळही वाळलेला होता. पंपही बरोबर. या गाडीत पंप बाहेरच्या पट्ट्यावर आहे. काही गाड्यांत तो टायमिंग बेल्टच्या मागे असतो, तिथे पंपाची मजुरी दुप्पट दिसली तरी ती खरी असते.

थर्मोस्टॅट उघडून पाहिला तर तो आतमध्ये नव्हताच! घर होतं, आतला व्हॉल्व्ह काढलेला. गुरुजींना आठवलं, मागच्या उन्हाळ्यात गावच्या मिस्त्रीनं "हा काढून टाकू, गाडी थंडी राहील" म्हणून काढला होता. ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. थर्मोस्टॅट बंद असताना पाणी इंजिनातच फिरतं आणि ऐंशीच्या वर तापलं की रेडिएटरकडची वाट उघडते. या इंजिनात तोच व्हॉल्व्ह उघडताना मागची आडवाट बंद करतो. तो काढला की आडवाट कायमची उघडी राहते आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच माघारी फिरतं. एरवी निभलं असतं. तिसरा हिस्सा चोंदलेला रेडिएटर आणि ४५ अंश, मग नाही निभलं.

होस पाइपांबद्दल मी गप्प बसलो. वरचा पाइप मानेजवळ फुगला होता, बाकीचे अजून एक-दोन वर्षं गेले असते. पण दहा वर्षांचं रबर आणि पुढे गुरुजींचं अमरावतीला डोळ्यांच्या दवाखान्यात जाणं-येणं. तीन हजारांसाठी रस्त्यावर उभं राहू नये.

आणि एक गोष्ट कोटेशनात नव्हतीच. रेडिएटरचं झाकण. त्यावर १.१ बार छापलेलं, दाबाच्या यंत्रावर लावलं तर अर्ध्या दाबावरच हवा सोडायला लागलं. हे झाकण बूच नाही. आत दाब धरून ठेवणं हे त्याचं काम. दर पीएसआय दाबामागे (एक बार म्हणजे सुमारे साडेचौदा पीएसआय) पाण्याचा उकळबिंदू सुमारे दीड अंशानं वाढतो, म्हणून नीट झाकण असलेली गाडी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली की पाणी लवकर उकळतं, बाहेर पडतं, कमी होतं, आणि माणूस पुन्हा बोअरचं पाणी टाकतो. ३५० रुपयांची वस्तू. ७२ हजारांचं काम करून हेच जुनं झाकण परत लावलं असतं.

हेड

खरा पैसा इथे होता. गॅस्केट किट, बोल्ट, ऑइल आणि फिल्टर १०,६५०, फेसिंग आणि मजुरी करासकट २०,०६०. म्हणजे हेडच्या नावावर ३०,७१० रुपये.

"हेड उघडायचं कशावरून ठरवलं?"

"सर, चार किलोमीटर गरम चालवली. हेड वाकलं असणारच."

हे कारण खोटं नाही. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकतं, गॅस्केट जळतं, आणि चार किलोमीटर पुष्कळ झाले. पण "असणार" म्हणजे शंका झाली. पुरावा कुठे होता?

ऑइल झाकणाखाली दुधाळ चिकटा नव्हता, डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ. धुरात पांढरेपणा किंवा गोडसर वास नाही. थंड गाडी सुरू केल्याबरोबर वरचा पाइप दगडासारखा कडक होत नव्हता. पाणी कमी होत होतं हे खरं, पण त्याला पंपाचं भोक आणि झाकण असे दोन उघड चोर सापडले होते. मालकाकडे निळ्या द्रवाची चाचणी होती, कपाटात धूळ खात. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवायची, इंजिन तापवायचं आणि आतली हवा त्या द्रवातून ओढायची. गॅस्केटमधून जळलेला वायू पाण्यात शिरत असेल तर निळा द्रव पिवळा पडतो. पाणी थोडं उपसूनच ती करावी लागते, नाहीतर कूलंट द्रवात येऊन चाचणी फसते. दहा मिनिटं केली. निळा तो निळाच. मग स्पार्क प्लग काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, पीएसआयमध्ये मोजलं: १७०, १६५, १७०, १६५, सगळे जवळपास सारखे. प्लग कोरडे.

तरी मालक डोकं खाजवत होता. त्याची अडचण मला नंतर चहाच्या टपरीवर समजली. मागच्या वर्षी अशीच एक गाडी त्यानं हेड न उघडता दिली, महिन्याभरात गॅस्केट गेलं आणि गिऱ्हाईक चार माणसं घेऊन आलं. तेव्हापासून गरम झालेली गाडी दिसली की तो हेड लिहूनच टाकतो. आपलं डोकं वाचवायचा खर्च तो गिऱ्हाइकाच्या कागदावर लिहितो, एवढंच. त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

गुरुजींना मी हिशेब असा मांडून दाखवला. समजा आज हेड उघडलं नाही आणि दोन महिन्यांनी उघडावंच लागलं, तर वाया काय जाईल? नवा रेडिएटर, पंप, पाइप तर तसेच राहतील. कूलंट पुन्हा भरावं लागेल, थोडी मजुरी दुबार पडेल, फार तर तीन-चार हजार. आणि गरज नसताना आज उघडलं तर ३०,७१० गेले. शिवाय चाचण्या सगळ्या चांगल्या आल्यात. मग कशाला?

गुरुजी बराच वेळ बोटांवर काही मोजत राहिले. "म्हंजे तीन हजाराची जोखीम घेऊन तीस हजार वाचवाचे." गणित त्यांचंच शिकवलेलं, माझ्यापेक्षा नीट बोलले.

एक अट मात्र घातली. पहिले हजार किलोमीटर रोज सकाळी, गाडी थंड असताना, कूलंटच्या टाकीतली पातळी पाहायची. कमी झाली तर परत निळी चाचणी. आणि काटा अर्ध्याच्या वर गेला की गाडी थांबवायची, झाड असो नसो.

करावर कर

हे मला आधी दिसलंच नव्हतं, रेडिएटरचा नवा डबा आला तेव्हा दिसलं. डब्यावर छापील किंमत ९,८५०, 'सर्व करांसह'. आणि कोटेशनात तोच आकडा धरून खाली परत १८ टक्के. सगळे सुटे भाग असेच मांडलेले, म्हणजे ३९,६०० वर ७,१२८ रुपये दुसऱ्यांदा. कर फक्त मजुरीवर वेगळा लागायला हवा होता. छापील किमतीत कर आलेलाच असतो, त्याच्या वर एक रुपया घेता येत नाही. मालकानं संगणकावरच्या पोराला हाक मारली. पोरानं भावाच्या रकान्यात छापील किंमत टाकली होती आणि संगणकानं आपलं काम केलं होतं. पोराचं तोंड पाहून मला तरी ती चूकच वाटली. आधी किती जणांना लागली असेल, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

जुन्या छपाईचा डबा असेल तर आणखी एक बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला आहे, त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ होता. डब्यावर जुनी किंमत असली तर नवी किंमत विचारा.

साडेसहा हजारांचं कोटेशन

मधल्या काळात गावच्या मिस्त्रीनंही भाव दिला होता, तोंडी. "साडेसहात करून देतो. रेडिएटर साफ करू, पंपाले सील टाकू." गुरुजींच्या घरातल्यांचा कल तिकडेच होता, आणि ७२ च्या शेजारी साडेसहा कोणालाही गोड लागणारच.

तो भाव मला ७२ हजारांपेक्षा जास्त खटकला. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरची टाकी डाग उपटून काढायची, नळ्यांत सळई घालून साफ करायची, परत डाग द्यायचा, हे मी स्वतः शेकडो वेळा केलंय. या गाडीचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा, टाक्या प्लॅस्टिकच्या, कडा दाबून बसवलेल्या. नळ्या इतक्या बारीक की सळई जात नाही. केमिकल ओतून थोडी घाण निघते, आणि जिथे खाऱ्या पाण्यानं धातू पोखरलाय तिथे भोक पडतं. पंपाला नुसतं सील मिळत नाही, पंप सबंध बदलावा लागतो. आणि साडेसहा हजारांत कूलंट नव्हतंच, "पानी चालते."

शेवटी

रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट, पाइप, कूलंट आणि झाकण मिळून २१,४००, करासकट. मजुरी, इंजिनातून पाणी उलटं मारून केलेली सफाई आणि चाचण्या ६,५००, त्यावर कर १,१७०. बिल २९,०७० रुपयांचं झालं. जुने भाग आम्ही मागून घेतले. काम संपल्यावर परत १.१ बार दाब भरून पंधरा मिनिटं ठेवला, काटा हलला नाही.

जुना रेडिएटर मी घरी आणून करवतीनं कापला. अंघोळीच्या पाण्याच्या बंबाच्या तळाशी जशी खपली असते, तशी नळ्यांत भरली होती, काही नळ्यांत तर सुईसुद्धा जात नव्हती. गुरुजी त्याचा एक तुकडा घेऊन गेले, पुतण्याला दाखवायला.

जूनअखेरपर्यंत गाडी अकराशे किलोमीटर चालली. टाकीतली पातळी खुणेवर आहे. डोळ्यांच्या दवाखान्याच्या दोन फेऱ्या झाल्या, काटा मध्यावर. हेडबद्दल मी अजून पैज लावणार नाही, आणखी एक उन्हाळा जाऊ दे.

परवा पाऊस उघडला तसे गुरुजी परत ओसरीवर आले. यावेळी कागद नव्हता.

"भाऊ, एक इचारू? ट्रॅक्टरात कोणतं पानी असन?"

ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभाच होता, रात्रीपासून थंड. मी झाकण फिरवून काढलं आणि बोट आत घातलं. बाहेर आलं ते पांढरं, चुना लागल्यासारखं.